बकाराम मिस्त्रीचे कान

नळीची दोन्ही टोकं कानात घालून बकाराम मिस्त्रीनं डोळे मिटले, आणि ढाब्यासमोरची माणसं गप्प झाली.

नळी डॉक्टर ईश्वरदासांची होती. ते ढोरांचे डॉक्टर. सडक अर्जुनीच्या दवाखान्यात येऊन त्यांना दीड वर्ष झालं होतं. गाई-बैलांच्या छातीला लावायची ती नळी आज त्यांनी गमतीनं आपल्या फटफटीसाठी काढून दिली होती.

"लावा मिस्त्री," ते म्हणाले होते, "माह्या रोग्यायले लावतो तशीच लावा. हाबी मुकाच हाय."

सगळे हसले. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, उलट बकारामचं कौतुकच होतं. कोहमाऱ्याच्या नाक्यावर त्याच्या कानांची ख्याती अशी की त्याला नळी देणं म्हणजे पोहणाऱ्याला भोपळा देणं. रायपूरकडून येणारा ट्रक वळणावर असतानाच तो पान्हा घेऊन उभा राहायचा आणि ड्रायव्हर खाली उतरायच्या आधी सांगायचा, "तिसरा प्लग गेला." ड्रायव्हर लोक ही गोष्ट नागपूरपर्यंत सांगत जायचे. तिकडे पोचेपर्यंत ट्रक वळणावरून दोन मैल मागे सरकायचा, ते सोडा. पण गोष्टीत दम होता.

बकारामनं नळीचं गोल तोंड कार्बोरेटरच्या अंगाला टेकवलं. डॉक्टरांनी मूठ पिळून गाडी मधल्या चालीवर धरली. इंजिनाची धडधड नळीतून आली, जाड, बोथट. ती तर त्याला पायातूनही कळत होती. त्याला हवा होता तो त्या धडधडीवरचा बारीक आवाज. तो कुठंच नव्हता.

आता सांगूनच टाकतो. बकारामला ऐकू कमी येत होतं. जाड आवाज यायचे, बारीक यायचे नाहीत. माणसाचं बोलणं त्याला अर्धं ऐकू यायचं आणि उरलेलं तो ओठांवरून उचलायचा. गोंदियाच्या एका राईस मिलमध्ये बावीस वर्षं तो तेलाच्या इंजिनाशेजारी उभा राहिला होता. मिलचं इंजिन एकाच चालीनं जन्म काढतं, भाताच्या हंगामात रात्रंदिवस. त्या इंजिनानं बकारामला धंदा शिकवला आणि बदल्यात कान थोडे थोडे करून काढून घेतले. मिल सोडून त्यानं नाक्यावर दुलीचंदच्या ढाब्याशेजारी आपलं छप्पर टाकलं, त्याला आठ वर्षं झाली होती. पहिली चार-पाच वर्षं उरलेसुरले कानही खरंच तिखट होते. ख्याती तेव्हाची होती. माणूस पुढं निघून गेला होता आणि ख्याती अजून तिथंच बसून होती.

आपल्याला ऐकू येत नाही हे त्याला ठाऊक होतं. दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही अशी त्याची पक्की समजूत होती.

डॉक्टरांच्या गाडीचा रोग तसा सांगायला सोपा होता. दुसरी मोठी लढाई संपल्यावर जबलपूरला लष्कराच्या लिलावात घेतलेली ती गाडी. एका लाथेत सुरू व्हायची. उभी असताना सुरेख चालायची. पूर्ण पिळली तर पळायचीही. पण मधल्या चालीवर आली की अडखळायची. पुढं गेल्यासारखी करायची, थबकायची, पुन्हा हिसका द्यायची. आणि आपल्याकडच्या रस्त्यांवर पळवायला कुठं मिळतं? पुढं बैलगाडी, तिच्या पुढं म्हशी, नंतर नाला. माणूस जन्मभर मधल्याच चालीनं जातो. भंडाऱ्याच्या मेकॅनिकनं हात टेकले, गोंदियाच्यानंही टेकले, तेव्हा डॉक्टर कोहमाऱ्याला आले.

अशा अडखळण्याची कारणं दोन. एक, मधल्या चालीवर इंजिनाला पेट्रोल जास्त जातं. दुसरं, कमी जातं. कार्बोरेटरमध्ये एक बारीक सुई असते, तिला वरच्या टोकाशी पाच खाचा असतात. सुई एक खाच खाली केली की पेट्रोल कमी, वर केली की जास्त. उपाय चिमटीत मावेल एवढा. पण खाली करायची की वर, हे कळायला हवं. मुठीला बसणारा हिसका दोन्हीकडे सारखाच. फरक असतो तो आवाजात. जास्त झालं तर इंजिन जड, घोगरं होतं. कमी पडलं तर कार्बोरेटरच्या तोंडाशी बारीकसं फिस् होतं, मांजर शिंकल्यासारखं.

बकारामनं डोळे उघडले. वीस तोंडं त्याच्याकडे बघत होती. दुलीचंद चहाची गाळणी हातात धरून बाहेर येऊन उभा होता.

"क्या बोलती है मशीन?" दुलीचंदनं विचारलं. हे बकारामनं ओठांवरून उचललं.

बकारामनं गाडी बंद करायला लावली आणि प्लग काढला. प्लग काळा होता. आता अर्धा तास उभ्या उभ्या चालवलेल्या गाडीचा प्लग काळा निघणारच. ही गोष्ट एरवी त्यानं दुसऱ्याला शिकवली असती. पण बुडत्याला त्या वेळी काडी हवी होती, मग ती काळी का असेना.

"पेट्रोल जास्त होऊन राहिला," तो ठासून म्हणाला. "सुई खाली घ्या लागते."

त्यानं सुई एक खाच खाली केली. माणसांनी माना डोलावल्या. डॉक्टरांनी नळी गळ्यात टाकली, लसीचा थर्मास नीट बांधला आणि गाडी घेऊन गेले.

*

तिसऱ्या दिवशी दुपारी फटफटी परत आली ती बैलगाडीत आडवी पडून. डॉक्टर मागून पायी चालत होते. वैशाखाचं ऊन, टोपी घामानं भिजलेली. दुलीचंदच्या बाकावरच्या एकानं म्हटलंच, "आज रोग्यायनंच डॉक्टरले आनला." कुणी हसलं नाही. डॉक्टरांचं तोंड बघून हसण्यासारखं नव्हतं.

नागझिऱ्याच्या जंगलाकडच्या दोन गावांत ढोरांना बुळकांडीची साथ लागली होती. गोंदियाहून बर्फात घालून आणलेली लस डॉक्टर थर्मासमधून घेऊन निघाले होते. गावकरी सकाळपासून ढोरं बांधून बसले होते. जंगलाच्या मधोमध गाडी अडखळत अडखळत गप्प झाली ती झाली. चार मैल त्यांनी ढकलली. पोचले तेव्हा बर्फाचं पाणी झालेलं आणि ते पाणीही कोमट. ढोरं बांधलेली तशीच ठेवून त्यांनी लस मातीत ओतली. गावकऱ्यांच्या देखत ओतली, कारण ती बाद लस टोचली असती तर ते पाप झालं असतं.

"तीन बैल आधीच बसले होते," डॉक्टर म्हणाले. "परवा सकारी नवी लस येते. परवा मले जाच लागते मिस्त्री. पेरनीच्या तोंडावर त्यायचे बैल मेले तं त्यायनं नांगर कोनाच्या खांद्यावर ठेवाचा?"

बकाराम त्यांच्या ओठांकडे बघत होता. एकही शब्द सुटू नये म्हणून त्यानं श्वास धरला होता.

"तुमचा कान चुकला का हो?" डॉक्टरांनी विचारलं. रागावून नव्हे. रागावले असते तर बरं वाटलं असतं. "नाई जमत असन तं सांगा. म्या ट्रकवर टाकून नागपूरले धाडतो, अना दुसऱ्याची सायकल मागतो."

"परवा सकारी गाडी तयार राहीन," बकाराम म्हणाला.

बोलून तर गेला. डॉक्टर सडक अर्जुनीला गेल्यावर तो गाडीसमोर पाटावर बसला. दुलीचंद चहा घेऊन आला आणि कधी नव्हे ते शेजारी टेकला. ढाबा आणि मिस्त्री यांचं एकमेकांवर चालत होतं. मिस्त्रीसाठी ट्रक थांबायचे, ट्रक थांबले की भट्टी पेटायची.

"भाई," तो म्हणाला, "ड्रायव्हर लोग बोलून राहिले. मिस्त्री बुढ्ढा हो गया, बोलते. म्या कोनाले काई म्हनत नाई. पन आयकून तं राहिलो ना."

बकारामनं चहा घेतला. दुलीचंदचं शेवटचं वाक्य त्याला पूर्ण ऐकू आलं. नको असलेली गोष्ट नेमकी कशी ऐकू येते, कुणास ठाऊक.

*

छपराच्या मागेच त्याचं घर. दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्यानं गाडी उघडली, धुतली, पुन्हा जोडली. पेट्रोलची नळी मोकळी होती, ठिणगी देणारा मॅग्नेटो ठणठणीत होता, कुठून हवा ओढत नव्हती. म्हणजे सुईच. त्यानं गाडी सडकेवर काढली, कोसभर गेला, परत आला. मुठीला हिसका बसत होता, मांडीला बसत होता. परवापेक्षा जास्त बसत होता हे खरं, पण ऊन वाढलं, गाडी तापलेली होती, शंभर कारणं. एकदा चुकलेला माणूस दुसऱ्यांदा आपल्या हातावरही विश्वास ठेवत नाही. त्याला फक्त एक गोष्ट हवी होती. हिसक्याबरोबर आवाज कोणता येतो?

चौथ्या फेरीनंतर तो येऊन पाटावर बसला आणि त्यानं डोकं दोन्ही हातांत धरलं. पन्नाशीच्या पुरुषानं भर सकाळी असं बसू नये, पण बसला.

त्याची बायको अनुसया तांब्या घेऊन आली. वळसा घालून, अगदी त्याच्या समोर येऊन उभी राहिली. हातांना ज्वारीचं पीठ होतं. ती त्याच्या पायाशी उकिडवी बसली, तो वर बघेपर्यंत थांबली, आणि मग म्हणाली, "म्या सांगू का जी?"

"का सांगतेस?"

"गाडी कशी बोलून राहिली ते."

बकारामच्या कपाळाची शीर उडाली. "तुले इंजिनातला का कळते?"

"इंजिनातला नाई कळत. आयकू येते."

"अना मले येत नाई, असा म्हनाचा हाय का तुले?"

अनुसया उठली नाही. डोळेही वळवले नाहीत. "तीन साल झाले," ती म्हणाली. "तीन सालापासून म्या तुमच्या पाठीमागून बोललीच नाई. तुमाले नाई समजला?"

तीन वर्षं. त्याला वाटत होतं, बायको वयानं गंभीर झाली, बोलणं कमी झालं. पूर्वी चुलीपाशी बसून त्याला हाका मारायची, तिथूनच भांडायची. ते बंद झालं होतं. जे काय बोलायचं ते समोर येऊन. तो पाठमोरा असला की त्याच्या पायापुढं लहानसा खडा येऊन पडायचा, तो वळायचा, आणि ती उभी असायची. हे सगळं त्याच्या डोळ्यांसमोर रोज घडत होतं. ज्या माणसाला वळणावरच्या ट्रकचा रोग कळायचा, त्याला आपल्या घरातली एवढी गोष्ट कळली नव्हती.

त्याला लाज वाटली. आणि लाजेच्या मागून, पाठीवरचं पोतं खाली ठेवावं तसं हलकंही वाटलं.

"कोनाले बोललीस?"

"कोनाले कायले बोलू?"

त्यानं गाडीचं तोंड सडकेकडे वळवलं. मग बकाराम म्हणाला, "सडकेवर उभी राह्य. म्या जाऊन येतो. काय आयकू येते ते सांग."

ती सडकेच्या कडेला पदर सावरून उभी राहिली. तो दोनदा तिच्यासमोरून गेला. परत येऊन त्यानं भुवया उंचावल्या.

"नाई समजत," ती म्हणाली. "इकडून तिकडं जाईस्तोवर आवाजच निघून जाते."

मग उभ्यानं मूठ पिळून बघितली. उभ्यानं अडखळत होती, पण धड नव्हे. अंगावर भार घेऊन चालल्याशिवाय हा रोग पुरता तोंड दाखवत नाही. म्हणजे एकच मार्ग उरला होता, आणि तो दोघांनाही एकाच वेळी कळला.

"मी नाई बसत," अनुसया म्हणाली. "लोक का म्हन्तीन?"

"परवापासून म्हनूनच राहिले," बकाराम म्हणाला.

*

सत्तावन सालच्या त्या दुपारी कोहमाऱ्याच्या नाक्यावर जे कुणी जागे होते त्यांनी पाहिलं की बकाराम मिस्त्रीच्या मागं, लष्करी लोखंडी कॅरिअरवर गोणपाटाची घडी टाकून, त्याची बायको बसली आहे. दोन्ही पाय एका बाजूला, लुगड्याचा पदर दातांत, एक हात कॅरिअरला आणि दुसरा नवऱ्याच्या खांद्यावर. घरात पंचवीस वर्षं संसार केलेली बाई, पण चारचौघांत नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवायची ही पहिलीच वेळ. बाकावरचा एकजण चहा प्यायचा राहिला. दुलीचंदनं तेवढ्यात आवाज दिलाच, "भाभी, माहेर जा रहे क्या?" तो अनुसयेला ऐकू आला. बकारामला नाही आला, म्हणून तो त्या वेळी दोघांत जास्त सुखी होता.

खूण ठरली होती. अडखळली की खांदा दाबायचा. बोलणं नंतर, थांबल्यावर, समोरासमोर.

गाडी निघाली. अनुसयेनं आधी डोळेच घट्ट मिटले. अर्धा मैल तिनं जीव मुठीत धरून काढला. मग एक डोळा उघडला, मग दुसरा. मोहाची झाडं मागं पळत होती. बकारामनं मूठ हळूहळू मधल्या चालीवर आणली.

खांदा दाबला गेला. लगेच मुठीला हिसका बसला. पुन्हा दाबला, पुन्हा हिसका. तो चकित झाला. हात हिसक्याच्या आधी दाबला जात होता. आवाज आधी येतो, हिसका मागून. हे त्याला एके काळी माहीत होतं आणि तो ते विसरून गेला होता.

एका मोहाखाली त्यानं गाडी थांबवली. ती उतरली, लुगडं झटकलं, समोर आली.

"सांग."

अनुसया विचारात पडली. इंजिनाच्या आवाजाला तिच्याकडे शब्द नव्हते. तिनं हात हवेत गोल फिरवला. "जात्यात घास टाकाले उशीर झाला का कसा होते? दगडावर दगड घासते. सुका. खर्र करते, अना मंग एक झटका देते. तसा. रिकामा जाता फिरल्यासारखा."

"जड नाई? घोगरा?"

"नाई. जास्त घास पडला का जाता कन्हते. हा कन्हत नाई. हा उपाशी हाय."

बकाराम खाली बसला. उपाशी! त्यानं परवा वीस माणसांसमोर डोळे मिटून उपाशी इंजिनाच्या ताटातला घास काढून घेतला होता. चार मैल डॉक्टरांनी ढकलली ती गाडी, मातीत गेलेली ती लस, बसलेले ते बैल. बैल त्याच्यामुळं बसले नव्हते, हे खरं. पण बाकीचं त्याच्यामुळंच झालं होतं. प्लगमुळं नाही, कानामुळंसुद्धा नाही. कान गेले हे सांगता आलं नाही, त्यामुळं.

त्यानं तिथंच झाडाखाली कार्बोरेटर उघडला. परवाची एक खाच परत घेतली आणि वर आणखी एक. पुन्हा निघाले. हिसका पुष्कळ कमी झाला होता, पण गेला नव्हता. थांबल्यावर अनुसया म्हणाली, "आता उलटा झाला. आता थोडासा कन्हते."

"जास्त झाला?"

"थोडासा. मूठभर टाकाचा तिथं सव्वा मूठ पडला, एवढाच."

म्हणजे एक खाच वर घेतली तर कमी आणि दोन घेतल्या तर जास्त. सुईला तर मधली खाच नव्हती. कारखान्यानं पाचच दिल्या होत्या. बकारामनं बंडीतून जर्द्याची डबी काढली, जर्दा कागदात ओतला आणि डबीच्या पत्र्यातून कात्रीनं नखाएवढी गोल चकती कापली. मध्ये भोक पाडलं, दगडावर घासून कडा साफ केल्या. सुई एक खाच खाली घेतली आणि खाचेत बसणाऱ्या चापाखाली ती चकती सारली. अर्ध्या खाचेचं काम चकतीनं केलं. हात अजून त्याचेच होते.

तिसऱ्यांदा ते निघाले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मूठ मधल्या चालीवर आली. बकाराम वाट बघत राहिला. खांद्यावर हात होता, गरम, पिठाचा. तो दाबला गेला नाही. पुलावरून गेले, चढ चढले, एका बैलगाडीच्या मागून तिच्याच चालीनं बराच वेळ गेले. हात तसाच. त्याला इंजिनाचा बारीक आवाज काहीच ऐकू येत नव्हता. पण गाडी कशी चालली आहे हे त्याला आता खांद्यावरून कळत होतं, आणि परत फिरायचं ठिकाण येऊनही तो फिरला नाही. आणखी दोन मैल पुढं गेला. अनुसयेनंही काही खूण केली नाही.

*

डॉक्टर सकाळी नवा थर्मास घेऊन आले. नाक्यावर गर्दी होती. एक ट्रक बॉनेट उघडून बकारामची वाट बघत उभा होता. डॉक्टरांनी एक फेरी मारली, सडकेच्या टोकापर्यंत जाऊन मधल्या चालीनं परत आले, आणि उतरताना हसत होते.

"वा मिस्त्री! लोण्यासारखी चालून राहिली. मी म्हनतच होतो, कान आखिर कान हाय." त्यांनी लोकांकडे वळून म्हटलं, "परवा धुळीनं बसला असन कान. काय गा दुलीचंद?"

दुलीचंद खुलला. "अरे, मिस्त्री का कान है!"

इथं गप्प राहिलं की झालं होतं. कोणी विचारत नव्हतं. गेलेली ख्याती आपल्या पायांनी परत आली होती आणि दारात उभी होती. बकारामनं फडक्याला हात पुसले. एकदा पुसून झालेले हात पुन्हा पुसले.

"डॉक्टरसाहेब," तो म्हणाला, "मले आयकू येत नाई."

त्याला स्वतःचा आवाज किती मोठा निघाला ते कळलं नाही. बराच मोठा निघाला असावा, कारण ढाब्याच्या आतली माणसंही बाहेर आली.

"परवा तुमच्या नळीतून मले काईच आयकू नाई आला. म्या अंदाजानं सांगतला. लोक पाहून राहिले होते म्हनून सांगतला. तुमची लस माह्यापाई मातीत गेली."

डॉक्टरांचं हसू हळूहळू उतरलं. ते काहीतरी पुटपुटले, मग लक्षात येऊन थांबले, आणि समोर सरकून, ओठ नीट हलवून म्हणाले, "मंग ही गाडी कोनं बनवली?"

"आयकला माह्या बायकोनं. बनवला म्या."

छपराच्या खांबाआड अनुसया उभी होती. तिनं पदर पुढं ओढला. सगळ्या नाक्यानं तिच्याकडे बघितलं, आणि काल कॅरिअरवर बसल्याचं हसू आता कुणाच्या तोंडावर आलं नाही.

ट्रकचा ड्रायव्हर मात्र उठला. दुलीचंदला चहाबद्दल दोन शब्द बोलला, बॉनेट पाडलं आणि ट्रक गोंदियाच्या रस्त्याला लावला. बॉनेट पडल्याचा आवाज बकारामला आला. जाड आवाज होता. त्यानं ट्रकच्या पाठीकडे बघितलं. आठ वर्षांत त्याच्या दारातून त्याचा हात न लागता गेलेला तो पहिला ट्रक. दुलीचंदनं गाळणी उगाचच दोनदा झटकली. शेवटचा ट्रक नव्हे, हे सगळ्यांना दिसत होतं.

डॉक्टर अनुसयेकडे गेले. मोठ्या बहिणीपुढं उभं राहावं तसे उभे राहिले. "बाई," त्यांनी विचारलं, "जंगलापावतर जाईन ना ही?"

"जाईन जी," ती म्हणाली. "पोट भरला हाय तिचा."

डॉक्टरांनी गळ्यातली नळी थर्मासशेजारी नीट बांधली, बकारामला हात जोडले आणि लाथ मारली. गाडी सुरू झाली. पहिल्यांदा हळू, मग थोडी जलद, मग नाक्याबाहेर पडताना पुढं म्हशी आल्या आणि ती त्यांच्या मागून मधल्या चालीवर राहिली.

बकाराम सडकेच्या कडेला उभा होता. गाडी लहान होत गेली, वळणाआड गेली. तिची धूळही खाली बसली. त्याच्यापुरती गाडी तिथंच संपली होती. तो वळणार, तेवढ्यात खांद्यावर हात पडला.

अनुसया शेजारी येऊन उभी होती. समोर नाही, शेजारी. साऱ्या नाक्यासमोर तिनं हात त्याच्या खांद्यावर ठेवला होता आणि ती वळणाकडे कान लावून बघत होती. हात नुसता होता. दाबत नव्हता. बकाराम हलला नाही. रस्ता रिकामा होता, मोहाखाली एक कुत्रा येऊन बसला, दुलीचंदची भट्टी धुरायला लागली. हात तसाच होता. म्हणजे गाडी अजून चालली होती, नाल्यापाशी असेल, चढ चढत असेल, आणि कुठंही अडखळत नव्हती.

बऱ्याच वेळानं तिनं हात उचलला.

मग ती वळसा घालून त्याच्या समोर आली आणि म्हणाली, "गेली."